मधुमेह आणि जड धातू : तपासणी कोणी करावी, कोणती करावी?

दीपमाळ (धागाकर्ती)

मधुमेहाच्या गटांमध्ये गेले काही महिने एकच मजकूर फिरतोय. साखर आटोक्यात येत नाही याचं कारण म्हणे शरीरात साचलेले जड धातू, ते बाहेर काढले की औषधं सुटतील, आणि खाली थेंबांची नाहीतर सलाईनची जाहिरात. यातला पहिला भाग पूर्ण खोटा नाही, म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि घरात दोन पिढ्यांचा मधुमेह आहे. जे पक्कं माहीत आहे ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

आर्सेनिकपासून सुरुवात करते, कारण मधुमेहाशी त्याचा संबंध सगळ्यांत जास्त तपासला गेलाय. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लोक वर्षानुवर्षं खोल विहिरींचं आर्सेनिक असलेलं पाणी पीत होते. रक्तवाहिन्या बंद होऊन पाय काळे पडण्याचा आजार तिथे होता. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याच भागात मधुमेहही जास्त आहे, आणि ज्यांच्या पोटात आर्सेनिक जास्त गेलं त्यांच्यात आणखी जास्त. पुढे बांगलादेशातूनही असेच निष्कर्ष आले. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा सगळ्या पुराव्याचा आढावा प्रसिद्ध झाला. पाण्यात लिटरमागे १५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आर्सेनिक असेल तर मधुमेहाशी संबंध आहे, त्याखालच्या पातळीला पुरावा अपुरा, असं त्यांचं मत पडलं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे. वाद आहे तो या १० ते १५० च्या मधल्या पट्ट्याचा.

हे घडतं कसं? आर्सेनिकचं त्रिसंयुजी रूप गंधक असलेल्या रासायनिक गटांना घट्ट चिकटतं. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या वाटेवरचं महत्त्वाचं विकर, ते त्यामुळे अडतं. इन्सुलिनचा निरोप आल्यावर ग्लुट-४ नावाचं वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर यायला हवं, ते येणंही कमी होतं. शिवाय स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो.

कॅडमियमची गोष्ट वेगळी. बीटा पेशीत इन्सुलिन साठवलं जातं ते सहा-सहा रेणूंच्या गटात, आणि प्रत्येक गटाला बांधून ठेवायला जस्ताचे दोन आयन लागतात. त्यामुळे या पेशी जस्त सतत आत ओढत असतात. कॅडमियम रसायनदृष्ट्या जस्ताचं भावंड, ते त्याच वाटेने आत शिरतं. माणसाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत कॅडमियम साठलेलं आढळलंय. मूत्रपिंडात तर ते ठाणच मांडतं. तिथलं त्याचं अर्धायुष्य १० ते ३० वर्षं.

शिशामुळे मधुमेह होतो असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. पण शिशाने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड खराब होतं, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. मधुमेह्याला नेमकी याच तीन गोष्टींची भीती असते. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयविकाराचे धोक्याचे घटक म्हणून निवेदनात स्थान दिलं, ते याचमुळे.

पाऱ्याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. काही अभ्यासांत मधुमेहाशी संबंध दिसला, काहींत अजिबात नाही.

माझं म्हणणं एवढंच : मधुमेह असलेल्या माणसाने धातू आपल्याकडे येतो कुठून हे शोधावं आणि ती वाट बंद करावी. शरीरातून धातू "काढून" साखर सुधारते असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

---

लंबक

धागा उत्तम. पण एक शंका ठामपणे नोंदवतो.

ज्याची साखर वाढली आहे त्याला तहान जास्त लागते. तो पाणी जास्त पितो, म्हणजे पाण्यातलं आर्सेनिकही जास्त पितो. मग आर्सेनिकने मधुमेह झाला की मधुमेहाने आर्सेनिक वाढलं? लघवी जास्त होते म्हणजे नमुना पातळ होतो. ते सावरायला आकडा क्रिएटिनिनने (स्नायूंतून येऊन लघवीत उतरणारं टाकाऊ द्रव्य) भागतात, पण क्रिएटिनिन स्नायूंवर आणि किडनीवर अवलंबून, आणि मधुमेहात दोन्ही बदलतात. एकाच वेळी रक्त-लघवी घेऊन केलेल्या अभ्यासांवर माझा म्हणूनच फार भरवसा नाही.

उदाहरण देतो. २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या ७८८ प्रौढांच्या लघवीवरून आर्सेनिक आणि टाइप २ मधुमेहाचा संबंध दाखवला गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याच सर्वेक्षणाची माहिती घेतली, समुद्री अन्नातून येणारं निरुपद्रवी आर्सेनिक एकूण आकड्यातून वजा केलं, आणि संबंध दिसेनासा झाला. माहिती तीच, फक्त हिशोबाची रीत वेगळी.

---

दीपमाळ

लंबक, शंका रास्त आहे आणि कमी पातळीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. म्हणूनच १५० चा आकडा मुद्दाम लिहिला. जास्त पातळीला मात्र तहानेचं स्पष्टीकरण पुरत नाही. उंदरांना आर्सेनिकचं पाणी दिलं की त्यांचा ग्लुकोज सहन करण्याचा वकूब घटतो, आणि तिथे कोणाला आधीपासून मधुमेह नसतो.

पण ज्याला मधुमेह झालेलाच आहे त्याच्यासाठी "कशाने झाला" हा प्रश्न मागे पडतो. आधीच ताण असलेल्या किडनीवर आणि रक्तवाहिन्यांवर हा धातू अजून किती भार टाकतो, हे त्याने बघायचं. स्वीडनमधल्या स्त्रियांच्या २००५ च्या अभ्यासात अगदी रोजच्या, साध्या पातळीच्या कॅडमियमनेही किडनीच्या नलिकांवर परिणाम दिसला, आणि मधुमेह असेल तर तो वाढतो असे संकेत मिळाले. मला हा मुद्दा साखरेच्या वादापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

ओलीमाती

नेमक्या वेळी धागा आला. वडिलांना मधुमेह आहे, मागच्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला. एका क्लिनिकने त्यांना चिलेशनची (औषधाने धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढायची) सलाईन सुचवली आहे, आठवड्याला एक, चाळीस आठवडे. त्यांनी आधी एक औषध देऊन मग लघवी गोळा करून तपासली. रिपोर्टमध्ये शिशाचा आकडा लाल रंगात, "अतिशय जास्त". क्लिनिकचं म्हणणं, मधुमेह आणि अटॅक दोन्ही असलेल्यांना याचा फायदा होतो असं मोठ्या संशोधनात सिद्ध झालंय. आई घाबरून हो म्हणायच्या बेतात आहे. खरंच असं संशोधन आहे का?

---

दीपमाळ

ओलीमाती, संशोधन आहे, पण क्लिनिकने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत येणार आहे.

अमेरिका आणि कॅनडात "टॅक्ट" नावाची चाचणी झाली. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले १,७०८ रुग्ण, निम्म्यांना ईडीटीए हे धातू बांधणारं औषध शिरेतून, निम्म्यांना नुसतं सलाईन. निकाल २०१३ मध्ये छापून आले. सगळ्या रुग्णांचा मिळून फायदा माफक होता, पण मधुमेह असलेल्या ६३३ जणांमध्ये अटॅक, पक्षाघात, मृत्यू वगैरे घटना एकत्र धरल्या तर ४१ टक्क्यांनी कमी. हृदयरोगतज्ज्ञ चक्रावले. अनेकांनी मान्य केलं नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगा आकडाही नव्हता.

मग जे करायला हवं तेच केलं गेलं. फक्त मधुमेह आणि जुना हार्ट अटॅक असलेले सुमारे हजार रुग्ण घेऊन "टॅक्ट २" ही नवी चाचणी, तीच चाळीस सलाईनं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये निकाल छापले गेले. औषध घेतलेल्यांत ३५.६ टक्के जणांना हृदयाच्या घटना, न घेतलेल्यांत ३५.७ टक्के. फरक शून्य. आणि हे नीट वाचा : औषध घेतलेल्यांच्या रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी उतरलं होतं. म्हणजे धातू निघाला, तरी हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत. क्लिनिक सांगतंय ती पहिली चाचणी. दुसरी त्याच प्रश्नासाठी मुद्दाम केलेली होती आणि तिचं उत्तर नकारार्थी आलं.

आता त्या लाल आकड्याविषयी. धातू बांधणारं औषध दिलं की कोणाच्याही शरीरातला थोडाफार धातू लघवीत उतरतो, तुमच्या-माझ्याही. पण रिपोर्टवर शेजारी छापलेली सामान्य मर्यादा औषध न घेतलेल्या लोकांची असते. तुलनाच चुकीची. अमेरिकेतल्या वैद्यकीय विषतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्येच जाहीर केलंय की अशी औषध देऊन केलेली लघवीची चाचणी शास्त्रीयदृष्ट्या प्रमाणित नाही.

धोकाही खरा आहे. ईडीटीएचे दोन क्षार मिळतात. त्यातला डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम पटकन खाली आणतो, आणि अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान त्यातून मृत्यू झाल्याची नोंद आहे. किडनी कमजोर असेल तर आणखी जपायला हवं.

वडिलांसाठी सरळ मार्ग : कोणतंही औषध न देता शिरेतल्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. सोबत किडनीचं ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघा. रिपोर्ट त्यांच्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तात शिसं खरोखर फार जास्त निघालं तर चिलेशन हा रीतसर उपचार आहेच, तेव्हा ते रुग्णालयात, विषतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं. चाळीस आठवड्यांचं पॅकेज घेऊन नव्हे.

---

ओलीमाती

दीपमाळताई, हे सगळं आज रात्रीच आईला वाचून दाखवते. मनापासून आभार.

---

घणऐरण

मी बॅटरीच्या कारखान्यात आहे, शिशाच्या प्लेटा ओतण्याच्या विभागात. टाइप २ मधुमेह आहे. माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझं एचबीए१सी (तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) बरेच दिवस ६.४ च्या आसपास यायचं. डॉक्टर खूश. पण घरी सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटर १६०-१७० दाखवायचा. मशीन बदललं, पट्ट्या बदलल्या, आकडा तोच. शेवटी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितली. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मलाही दाखवलं. तांबड्या पेशींत शाईचे शिंतोडे उडावेत तसे निळे ठिपके. शिशामुळे असं होतं म्हणाल्या. तांबड्या पेशी लवकर मरत होत्या, त्यामुळे त्यांच्यावर साखर चढायला पुरेसा वेळच मिळत नव्हता, आणि एचबीए१सी खोटं चांगलं दिसत होतं.

तेव्हापासून माझ्यासाठी फ्रुक्टोसामाइन तपासतात, त्यात तांबड्या पेशींऐवजी रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर मोजतात. कामाचा विभाग बदलून मिळाला. गोळ्या वाढवल्या त्या खऱ्या साखरेच्या हिशोबाने.

---

दीपमाळ

घणऐरण, हा प्रतिसाद मी वर डकवून ठेवावा अशी संपादकांना विनंती करणार आहे. एचबीए१सी आणि ग्लुकोमीटर यांचा मेळ बसत नसेल तर हिमोग्लोबिन बघायलाच हवं. लोह कमी असल्याने झालेल्या ॲनिमियात उलटं होतं, एचबीए१सी खोटं जास्त दिसतं. शिशाच्या संपर्कातल्या माणसाला लोहाची कमतरताही असू शकते. मग दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडा अगदी बरा वाटतो.

---

निरगाठ

आहारतज्ज्ञ आहे, किडनीच्या रुग्णांसोबत काम करते. माझ्याकडून थोडी भर.

लोह कमी असेल तर आतडं लोहासाठी दारं जास्त उघडतं, आणि त्याच दारातून कॅडमियम आणि शिसंही जास्त आत येतं. त्यामुळे मधुमेही स्त्रियांमध्ये फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघणं ही माझ्या दृष्टीने धातूंपासून बचावाची सगळ्यांत दुर्लक्षित पायरी. कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, उपाशीपोटीही जास्त. अर्थात किडनीचा त्रास असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

तांदळाबद्दल नेहमी विचारलं जातं. भाताची शेतं पाण्याखाली असतात, त्या मातीत प्राणवायू नसतो, त्यामुळे मातीतलं आर्सेनिक सुटं होऊन रोपात चढतं. इतर धान्यांपेक्षा तांदळात ते जास्त असतं ते यामुळे. भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकलं तर बरंच कमी होतं, मात्र ते पाणी स्वतः आर्सेनिकचं नसावं. मधुमेह्यांनी धान्यं आलटून-पालटून खावीत हे आम्ही साखरेसाठी सांगतोच, त्याला हे आणखी एक कारण.

मासे बंद करू नका. पारा असतो तो मुख्यतः मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांत. लहान माशांत तो कमी आणि ओमेगा-३ भरपूर.

आणि ज्याबद्दल मला सगळ्यांत तळमळीने सांगायचंय ते म्हणजे "साखर मुळापासून घालवणारी" चूर्णं आणि गोळ्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं घेतली होती, भारतात बनलेली आणि अमेरिकेत बनलेलीही. सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ज्यांत धातू मुद्दाम वापरतात त्या रसशास्त्राच्या औषधांत प्रमाण जास्त होतं, पण नुसत्या वनस्पतींच्या म्हणवणाऱ्या उत्पादनांतही होतं. हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी : बांगलादेशात हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायन मिसळलं जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारने कारवाई केली आणि काही वर्षांत ते जवळपास थांबलं. म्हणजे लक्ष दिलं तर हे थांबतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक रुग्ण औषधांची यादी देताना चूर्ण सांगत नाही, "ते काय औषध नाही" म्हणतो. कृपया सांगा. डबा सोबत आणा.

---

कवडसा

सिगारेट सोडली तर कॅडमियम कमी होतं का? तीस वर्षांची सवय आहे, आता मधुमेहही लागलाय. साठलंच आहे तर सोडून काय फरक पडणार, असं मनात येतं.

---

दीपमाळ

कवडसा, फरक पडतो. तंबाखूचं रोप मातीतलं कॅडमियम पानांत साठवतं, आणि धुरातून आलेलं कॅडमियम फुफ्फुसातून फार सहज रक्तात जातं, पोटातून जातं त्याच्या कितीतरी पट. सिगारेट थांबली की रक्तातला भाग काही महिन्यांत उतरायला लागतो. किडनीतला साठा हळूहळू उतरतो हे खरं, पण त्यात रोज पडणारी भर थांबते. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारणं, पायाच्या रक्तवाहिन्या वाचणं, हे फायदे वेगळेच. तंबाखू चघळण्यातही कॅडमियम असतं. ई-सिगारेटच्या तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं वाफेत उतरतं, म्हणून तीही पळवाट नाही. डॉक्टरांना सोडण्यासाठी औषध मागा, मधुमेहाच्या औषधांबरोबर ते बसवता येतं.

---

लंबक

मूळ प्रश्न राहिला. तपासणी कोणी करायची? सगळ्या मधुमेह्यांनी सरसकट?

---

दीपमाळ

सरसकट नको. कामाच्या ठिकाणी धातूचा संबंध असेल, म्हणजे बॅटरी, सोल्डरिंग, भंगार वितळवणं, जुना रंग घासून काढणं, तर तपासणी करा. पिण्याचं पाणी बोअरचं असेल आणि त्या भागात आर्सेनिक आढळत असेल, तर आधी पाणी तपासा, माणूस नंतर. ते पाणी उकळून काही होत नाही, पाणी आटतं आणि आर्सेनिक घट्ट होतं. बिनओळखीची चूर्णं दीर्घकाळ घेतली असतील तरी तपासा. शिवाय कारण न सापडलेला ॲनिमिया, हातापायांची बधिरता नेहमीच्या मधुमेही न्यूरोपथीपेक्षा वेगाने वाढणं, साखर चांगली असूनही किडनी खालावणं, असं काही दिसलं तरी. (बधिरतेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी१२ आधी बघावं, ते कारण फार जास्त आढळतं.)

नमुन्याबद्दल, कारण इथे प्रयोगशाळेत रोज गोंधळ बघते. शिशासाठी शिरेतलं रक्त, तेही धातुमुक्त नळीत, गडद निळ्या झाकणाची असते ती. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळते. रक्तातलं शिसं गेल्या महिना-दोन महिन्यांचं सांगतं, हाडातला जुना साठा त्यात नीट दिसत नाही. आर्सेनिकसाठी लघवी, आणि आधीचे तीन-चार दिवस मासे-कोळंबी बंद. ते जमलं नसेल तर प्रयोगशाळेला आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून द्यायला सांगा. लंबक म्हणाले तो घोळ यातूनच टळतो. कॅडमियमसाठी लघवी आणि रक्त दोन्ही. केसांच्या चाचणीवर उपचार ठरवू नका, शाम्पू आणि धूळ दोन्ही त्यात मोजली जातात.

---

घणऐरण

शेवटचं विचारतो. घरी दोन लहान मुलं आहेत. माझ्या कपड्यांतून घरात जात असेल का?

---

दीपमाळ

हो, जातं. कपडे आणि बूट कारखान्यातच बदला, अंघोळ तिथेच करून निघा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. घरात कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. मुलं पोटातून आलेलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात, आणि मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठरलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून कारवाईसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा धरलाय. दोघांचंही रक्त या आठवड्यातच तपासून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. आकडे आले की इथे नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवा, पुढचं मिळून बघू.